कारागृह-सेवकांची रजा आणि सुट्टी : येरवड्याच्या संदर्भात एक विवेचन

येरवडा मध्यवर्ती कारागृहाचे नाव मराठी वाचकास परिचित आहे ते मुख्यतः तेथे कोंडल्या गेलेल्या माणसांमुळे. १८७१ मध्ये उभारण्यात आलेल्या या कारागृहात महात्मा गांधी एकाहून अधिक वेळा बंदिवान होते. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला तो याच भिंतींच्या आत. स्वातंत्र्यपूर्व काळातील राजबंद्यांनी बंदिवासाविषयी लिहिलेले वाङ्मय मराठीत विपुल आहे, आणि त्या वाङ्मयात पहारेकरी येतो तो बहुधा कुलपाच्या आवाजाबरोबर येतो व तसाच निघून जातो. ज्यांनी दीडशे वर्षे हे दरवाजे उघडले आणि लावले, त्या शिपाई, हवालदार, सुभेदार व तुरुंगाधिकारी यांच्या सेवेविषयी मात्र अभ्यासपूर्वक लिहिले गेलेले फार थोडे आहे. त्या सेवेचे एक अंग, जे वरवर पाहता केवळ आस्थापना-शाखेतील लिपिकाच्या कामाचे वाटेल, त्याचा विचार येथे करावयाचा आहे. ते अंग म्हणजे या सेवकांना मिळणारी रजा, आणि सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाबद्दल मिळणारी बदली रजा.

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट होईल, कारण या विषयातील पुष्कळसा गोंधळ शब्दांतून उत्पन्न होतो. ‘रजा’ हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ संमती, राजीखुशी असा आहे. रजा घेणे म्हणजे कोणाच्या तरी संमतीने दूर होणे. ‘सुट्टी’ हा शब्द ‘सुटणे’ या क्रियापदाच्या कुळातील. तेथे संमती गृहीतच असते, दिवस उजाडला की माणूस मोकळा असतो. शाळेला सुट्टी असते, शिक्षक रजेवर जातो. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे कारागृह-सेवकाची स्थिती एका वाक्यात सांगता येते: त्याला रजा आहे, पण सुट्टी नाही. ज्या दिवशी सरकारी कचेऱ्या बंद असतात त्या दिवशीही बंद्यांची गिनती होते, भटारखाना पेटतो, बरॅकींची कुलपे ठरल्या वेळी उघडली व लावली जातात. न्यायालयांना उन्हाळ्याची आणि दिवाळीची दीर्घ सुट्टी असते. त्या सुट्टीत ज्यांचे खटले थांबतात ते कच्चे कैदी मात्र कारागृहातच असतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे पहारेकरीही.

सेवा-नियमांच्या भाषेत हाच भेद निराळ्या रीतीने मांडला जातो. ज्या खात्यांना नियमित दीर्घ सुट्टी असते, म्हणजे शाळा, महाविद्यालये व काही न्यायालयीन कचेऱ्या, त्यांतील सेवकांची अर्जित रजा त्या सुट्टीच्या प्रमाणात कमी धरली जाते. कारागृह खाते हे दीर्घ सुट्टीचे खाते नव्हे. सबब त्यातील सेवकास महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांप्रमाणे पूर्ण अर्जित रजा मिळते: दर वर्षी १ जानेवारीस १५ दिवस व १ जुलैस १५ दिवस खात्यावर जमा होतात. याखेरीज वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा, वैद्यकीय प्रमाणपत्रावर तिच्यातून निघणारी परिवर्तित रजा, आणि क्वचित प्रसंगी असाधारण रजा. कर्तव्य बजावीत असता जाणूनबुजून केलेल्या इजेमुळे जो असमर्थ होतो त्याच्यासाठी विशेष विकलांगता रजेची तरतूद आहे. कचेरीतील लिपिकास तिची आठवण सहसा होत नाही, पण पहाऱ्यावरील शिपायास ती निरर्थक वाटणार नाही. हे नियम संविधानाच्या ३०९ व्या अनुच्छेदाच्या परंतुकाखाली झालेले आहेत. म्हणजे ते केवळ खात्याची रीत नसून विधिनियम आहेत.

नैमित्तिक रजेचे तसे नाही. किरकोळ किंवा किरकोळी रजा म्हणून जी व्यवहारात ओळखली जाते ती रजा-नियमांच्या अर्थाने रजाच नव्हे. तीवर असलेला सेवक हजर धरला जातो, त्याचे वेतन चालू असते व तिचा हिशेब वर्षअखेरीस मिटतो. राज्याच्या सर्वसाधारण कार्यालयीन सेवकास ती वर्षाकाठी ८ दिवस असते. बदली रजा हिच्याच जातीची आहे. सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावले गेले तर त्या दिवसाच्या बदल्यात दुसरा दिवस द्यावयाचा, हे तिचे साधे तत्त्व. परंतु अर्जित व अर्धवेतनी रजांच्या पंक्तीत तिला पाट नाही. ती कार्यकारी आदेशांवर आणि कार्यालय-प्रमुखाच्या सोयीवर चालते. अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठविता येते व सेवानिवृत्तीच्या वेळी शिल्लक रजेचे रोखीकरण होते. न घेतलेली बदली रजा मात्र सर्वसाधारणतः ना वर्षानुवर्षे साठते, ना निवृत्तीच्या वेळी पैशात रूपांतरित होते. ती वेळेत घेतली नाही तर विरून जाते. ‘बदली’ या शब्दाला सरकारी नोकराच्या घरात जो दुसरा अर्थ आहे, एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचा, तो घडला म्हणजे जुन्या ठिकाणची जमा झालेली बदली रजा नव्या ठिकाणच्या अधिकाऱ्याने मानावी की न मानावी, हा प्रश्न उभा राहतो तो यामुळेच.

येथवर जे सांगितले ते थोड्याफार फरकाने कोणत्याही अहोरात्र चालणाऱ्या खात्यास लागू पडेल. कारागृहाचे वैशिष्ट्य यापुढे सुरू होते.

१८९४ च्या कारागृह अधिनियमात सेवकांना किती रजा द्यावी याविषयी एकही कलम नाही. अनुपस्थितीविषयी मात्र कलमे आहेत आणि ती स्पष्ट आहेत. १६ व्या कलमान्वये तुरुंगाधिकाऱ्याने कारागृहातच राहावयाचे. अन्यत्र राहावयाचे तर अधीक्षकाची लेखी परवानगी हवी. १९ व्या कलमान्वये एक रात्रही त्याने लेखी परवानगीवाचून बाहेर काढावयाची नाही, आणि अपरिहार्य कारणाने काढलीच तर ती गोष्ट व तिचे कारण ताबडतोब अधीक्षकास कळवावयाचे. २२ व्या कलमाने त्याच्या हाताखालच्या सर्वांनाही परवानगीवाचून कारागृहातून गैरहजर राहण्यास मनाई केली आहे. ५४ वे कलम याहून पुढे जाते. मंजूर झालेल्या रजेची मुदत बुद्ध्या ओलांडणारा सेवक, दोन महिन्यांची लेखी पूर्वसूचना न देता किंवा परवानगी न घेता काम सोडणारा सेवक, कर्तव्यात भ्याडपणा करणारा सेवक, हे सर्व त्या कलमाने एका ओळीत बसविले आहेत. आणि त्यांना दंडाधिकाऱ्यापुढे दोषी ठरविले गेल्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. १८६१ च्या पोलीस अधिनियमाच्या २९ व्या कलमाशी या तरतुदीचे साम्य उघड आहे. जिल्हाधिकारी कचेरीतील कारकून रजेहून चार दिवस उशिरा परतला तर त्याची खातेनिहाय चौकशी होईल, फार तर वेतन कापले जाईल. तुरुंगातील शिपाई तसाच उशिरा परतला तर, निदान कायद्याच्या अक्षराप्रमाणे, तो ज्या बरॅकीवर पहारा देतो तिच्यातच तीन महिने राहण्यास पात्र ठरतो. हे कलम रोजच्या रोज वापरले जाते असे म्हणण्याचा हेतू नाही. परंतु कायद्याचा कल त्यातून दिसतो. सेवकाने गैरहजर राहणे हा अपराध आहे. सेवकास रजा नाकारणे हा कोणाचाच अपराध नाही.

याच संदर्भात एक साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. कारागृहाच्या भिंतींच्या आत ‘रजा’ हा शब्द दोन प्रकारच्या माणसांसाठी वापरला जातो. १९५९ च्या मुंबई फर्लो व पॅरोल नियमांखाली शिक्षा झालेल्या बंद्यास काही अटींवर काही दिवस घरी जाता येते. फर्लोस राज्यात ‘संचित रजा’ आणि पॅरोलला ‘अभिवचन रजा’ म्हणतात. म्हणजे बंद्याची रजा संचित, सेवकाची रजा अर्जित. दोन्ही शब्दांत काही तरी कष्टाने मिळविल्याचा भाव आहे. त्या नियमांतील १७ वा नियम सांगतो की, फर्लोवर सुटण्याचा कायदेशीर हक्क या नियमांनी बंद्यास मिळतो असे समजू नये. सेवकांच्या रजा-नियमांतही आरंभीच हेच तत्त्व आहे: रजा हक्क म्हणून मागता येणार नाही, आणि लोकसेवेची निकड असेल तर सक्षम अधिकारी कोणत्याही प्रकारची रजा नाकारू शकेल किंवा दिलेली रद्द करू शकेल. (त्यातल्या त्यात एक मर्यादा आहे. मागितलेल्या रजेचा प्रकार मात्र सेवकाच्या लेखी विनंतीवाचून बदलता येत नाही.) बंदी मुदतीत परतला नाही तर तो अपराध, सेवक मुदतीत परतला नाही तर तोही अपराध. दोघांच्या अर्जांवर एकाच कचेरीत शिक्के उमटतात. या साम्यावरून दोघांची अवस्था एकच आहे असा निष्कर्ष काढणे अर्थातच अतिशयोक्तीचे होईल. सेवक पाळी संपल्यावर घरी जातो, त्याला वेतन मिळते, तो नोकरी सोडू शकतो. तरी पण रजेच्या बाबतीत कायद्याने दोघांना एकाच साच्यातून पाहिले, ही गोष्ट नाकारता येत नाही.

रजा हक्क नव्हे, ही भाषा सर्वच सरकारी नोकरांना लागू असते, मग कारागृहात तीच भाषा इतकी जाचक का होते, असा प्रश्न येथे विचारला जाईल. त्याचे उत्तर नियमांच्या पुस्तकात नाही; ते अंकगणितात आहे.

कचेरीतील सेवक रजेवर गेला तर त्याची फाईल टेबलावर पडून राहते आणि तो परतल्यावर पुढे सरकते. पहाऱ्याची जागा अशी पडून राहू शकत नाही. टेहळणीचा मनोरा, मुख्य दरवाजा, बरॅकीचे कुलूप, इस्पितळाची खोली, यांपैकी प्रत्येक ठिकाणी वर्षाचे ३६५ दिवस, दिवसाच्या तीन पाळ्यांत कोणी ना कोणी असलेच पाहिजे. म्हणजे एका जागेसाठी वर्षाला १,०९५ पाळ्या भरावयाच्या. आता तीन पाळ्यांसाठी तीन माणसे नेमली तर हिशेब वरवर पाहता बरोबर वाटतो, आणि कागदावर पुष्कळदा तो असाच मांडला जातो. परंतु १,०९५ ला तीनने भागले म्हणजे उत्तर ३६५ येते. तीन माणसांतील प्रत्येकाने वर्षाचा प्रत्येक दिवस काम केले तरच ती जागा भरलेली राहते. त्यात साप्ताहिक सुट्टीचा एकही दिवस नाही, आजारपणाचा नाही, लग्नकार्याचा नाही, बापाच्या अंत्यविधीचाही नाही.

आता नियमाने जे देऊ केले आहे ते वजा करून पाहावे. ३६५ दिवसांतून साप्ताहिक सुट्टीचे ५२, अर्जित रजेचे ३० व नैमित्तिक रजेचे ८ काढले तर २७५ दिवस उरतात. सार्वजनिक सुट्ट्यांचे साधारण २० दिवस आणखी काढले, किंवा त्यांच्याबद्दल बदली रजा दिली, तर २५५. अर्धवेतनी रजा, प्रशिक्षण व आजारपण यांना तूर्त हिशेबाबाहेर ठेवू. १,०९५ ला २५५ ने भागले असता ४.२९ येतात. म्हणजे एक जागा अहोरात्र भरलेली ठेवून नियमाची सर्व रजा प्रामाणिकपणे द्यावयाची तर त्या जागेसाठी तीन नव्हे, सव्वाचारांहून थोडी अधिक माणसे हवीत. शंभर जागांसाठी ३०० नव्हे, ४२९. हा जो १२९ माणसांचा फरक आहे त्यालाच प्रशासनाच्या भाषेत रजा-राखीव म्हणतात. सेवकाची रजा वस्तुतः या राखीव माणसांत साठविलेली असते. रजा-खात्याच्या वहीत तिचा केवळ आकडा असतो.

हाच हिशेब एक पायरी पुढे नेला म्हणजे त्यातील खरी मेख ध्यानात येते. समजा, शासनाने उदारपणे ४२९ पदे मंजूर केली. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्र दर वर्षी कारागृहांची जी आकडेवारी प्रसिद्ध करते तीवरून देशभरात मंजूर पदांपैकी सुमारे तीस टक्के पदे अलीकडच्या वर्षांत रिक्त राहिलेली दिसतात. ४२९ मधून तीस टक्के वजा केले तर ३०० उरतात. म्हणजे योग्य हिशेबाने मंजूर केलेली संख्याही भरतीच्या दिरंगाईने बरोबर तेथेच येऊन ठेपते जेथे रजेचा एकही दिवस शिल्लक राहत नाही. रिक्त पदांची चर्चा नेहमी सुरक्षिततेच्या अंगाने होते, आणि ती व्हावयासही हवी. परंतु सुरक्षितता बहुधा कशीबशी सांभाळली जाते. रिक्त पद प्रथम खाते ते रजा.

अर्थात प्रत्यक्षात कोणीही ३६५ दिवस काम करीत नाही. करणे शक्यही नाही. मग जागा भरतात कशा? दोन उपाय सर्वत्र योजले जातात. पहिला, पाळीची लांबी वाढविणे. तीन पाळ्यांऐवजी बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या केल्या म्हणजे एका जागेला वर्षाला ७३० पाळ्या लागतात. तीन माणसांत त्या प्रत्येकी सुमारे २४३ होतात, आणि सुट्टीचे शंभरावर दिवस मोकळे झालेले दिसतात. परंतु तासांनी मोजले तर हेच काम २,९२० तासांचे भरते. आठ तासांच्या पाळीने २७५ दिवस केलेले काम २,२०० तासांचे असते. दिवस मिळाले, तास गेले. रजेची नोंद दिवसांत होत असल्याने हा तोटा कोठेच लिहिला जात नाही. बदली रजेच्या नियमातील सर्वात मोठे छिद्र हेच होय: ती गमावलेल्या दिवसाची भरपाई करते, गमावलेल्या तासांची नाही. दुसरा उपाय म्हणजे काही जागा एकमेकींत मिळविणे. एका शिपायाने एकाऐवजी दोन बरॅकींवर नजर ठेवावयाची. येथे रजेची किंमत सेवक देत नाही. ती बंदी देतो, कारण अशा वेळी मोकळ्या आवारात सोडण्याचे तास, इस्पितळात नेणे, नातलगांच्या भेटी या गोष्टी मागे पडतात.

जुन्या काळी तिसराही एक उपाय होता आणि तो कायद्यात नमूद आहे. शिक्षा भोगीत असलेल्या व वर्तन चांगले असलेल्या बंद्यांतूनच पहारेकरी नेमावयाचे. १८९४ च्या अधिनियमाच्या २३ व्या कलमाने अशा सिद्धदोष अधिकाऱ्यांना भारतीय दंड संहितेच्या अर्थाने लोकसेवक मानले. त्यांना रजेचा प्रश्न नव्हता. त्यांना शिक्षेत माफीचे दिवस मिळत. स्वस्तात रजा-राखीव निर्माण करण्याची ही युक्ती होती, असे म्हणावयास हरकत नाही. बंद्याने बंद्यावर सत्ता गाजविण्यातून जे अनर्थ होतात ते लक्षात आल्यावर तिच्याकडे विसाव्या शतकात उत्तरोत्तर संशयाने पाहिले जाऊ लागले. मात्र तिने जी पोकळी भरली होती ती भरण्यास त्याच प्रमाणात माणसे नेमली गेली नाहीत.

येरवड्याची गोष्ट या हिशेबात आणखी अवघड होते. या कारागृहाची अधिकृत क्षमता अडीच हजारांच्या आत आहे. अलीकडच्या वर्षांत तेथे सहा हजारांवर बंदी राहिले आहेत. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीने दर सहा बंद्यांमागे एक पहारेकरी असे प्रमाण सुचविले आहे. हे प्रमाण उपयुक्त असले तरी त्याच्या आधारे संख्या ठरविताना ‘बंदी’ म्हणजे मंजूर क्षमतेइतके की प्रत्यक्ष असलेले, हा प्रश्न निर्णायक ठरतो. क्षमता धरून पदे मंजूर झाली आणि गर्दी दुपटीहून वाढली, तर मनोरे व दरवाजे तेवढेच राहतात हे खरे. परंतु झडत्या, गिनत्या, भेटी, दवाखान्यातील रांगा हे सर्व काम माणसांच्या संख्येबरोबर वाढते आणि रजेचा अर्ज नाकारण्यास ‘लोकसेवेची निकड’ हे कारण बारमाही उपलब्ध होते. निकड या शब्दात तात्पुरतेपणाची कल्पना आहे. बारा महिने टिकणाऱ्या निकडीस दुसरे काही तरी नाव हवे.

येरवड्याच्या परिसरात मध्यवर्ती कारागृहाखेरीज खुले कारागृह आहे, कारागृह मुद्रणालय आहे, अधिकाऱ्यांना शिक्षण देणारी दौलतराव जाधव यांच्या नावाची संस्था आहे आणि महिलांचे स्वतंत्र कारागृह आहे. यांपैकी महिला कारागृहाचा रजेच्या दृष्टीने निराळा विचार केला पाहिजे. स्त्री-बंद्यांवरील पहाऱ्यास स्त्री-सेवकच हव्यात, म्हणून शेजारच्या मोठ्या कारागृहातील शिपाई तेथे बदली म्हणून पाठविता येत नाही. सेवक-वर्ग लहान असला म्हणजे रजा-राखीवही लहान, आणि लहान संख्येत एक माणूस कमी होण्याचा धक्का मोठा. त्यातच नियमाने मिळणारी १८० दिवसांची प्रसूती रजा. ती नाकारता येत नाही आणि नाकारली जाऊही नये; पण तिच्यासाठी अगोदरच माणूस धरून ठेवलेला नसेल तर तिचा भार सोबतच्या स्त्रियांच्या साप्ताहिक सुट्टीवर पडतो. नियमकर्त्याने एकीला दिलेले दुसरीच्या पदरातून काढले जाते, आणि त्यातून सहकाऱ्यांत जी कटुता उत्पन्न होते तिचे खापर नियमावर न फुटता रजेवर गेलेलीवर फुटते.

सेवक-वसाहत कारागृहाला लागून असते, ही सोय आहे तशी अडचणही आहे. धोक्याची घंटा झाली की पाळीवर नसलेल्यांनीही धावत यावयाचे असते. मुख्यालय सोडावयाचे तर वेगळी परवानगी लागते. त्यामुळे वसाहतीत घालविलेला सुट्टीचा दिवस हा अर्धा सुट्टीचा व अर्धा राखीव पाळीचा असतो. खरी रजा म्हणजे गावी जाण्याची रजा. आणि म्हणूनच गणपती, दिवाळी व उन्हाळ्यातील लग्नसराई या तीन हंगामांत सर्वांचे अर्ज एकदम येतात. वर्षाला ३० दिवस देणारा नियम हे ३० दिवस कोणत्या महिन्यात याविषयी काहीच सांगत नाही. तो प्रश्न अधीक्षकाच्या टेबलावर सुटतो किंवा सुटत नाही.

२०२० च्या एप्रिलमध्ये या साऱ्याचे टोक दिसले. साथीच्या रोगाचा शिरकाव होऊ नये म्हणून राज्य शासनाने मुंबई, भायखळा, ठाणे, कल्याण व येरवडा या पाच कारागृहांची पूर्ण टाळेबंदी जाहीर केली; आतले बाहेर जावयाचे नाहीत, बाहेरचे आत यावयाचे नाहीत. ही आज्ञा बंद्यांइतकीच सेवकांनाही लागू होती. आतल्या तुकडीने घरी न जाता आतच मुक्काम करावयाचा, अशी व्यवस्था करावी लागली. तिची गरज कोणी नाकारणार नाही. परंतु अशा मुक्कामातील झोपेचे तास काम धरावयाचे की विश्रांती, आणि त्यांच्या बदल्यात किती दिवस द्यावयाचे, हा प्रश्न बदली रजेच्या प्रचलित कल्पनेत बसतच नाही, कारण ती कल्पना ‘सुट्टीचा दिवस’ या मापावर उभी आहे.

याच राज्यातील कारखान्यांच्या कामगारांशी तुलना केली असता फरक ठळक होतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ५२ व्या कलमाने साप्ताहिक सुट्टी बंधनकारक केली, आणि ५३ व्या कलमाने सांगितले की, ती बुडाली तर त्याच महिन्यात किंवा पुढील दोन महिन्यांत तेवढ्याच बदली सुट्ट्या दिल्या पाहिजेत. जादा तासांना ५९ व्या कलमाने दुप्पट वेतन ठेवले. त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेनेही साप्ताहिक व बदली सुट्टीचे तत्त्व कायम राखले आहे. परळच्या गिरणीतील मजुरास जे विधिमंडळाच्या कायद्याने मिळाले ते कारागृहाच्या शिपायास अधिकाऱ्याच्या आदेशाने मिळते. आणि आदेश तोच देतो ज्याला त्या दिवशीचा मनोरा भरावयाचा असतो. राज्य-शासनाच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला तेव्हाही अत्यावश्यक सेवा म्हणून पोलीस, रुग्णालये इत्यादींबरोबर तुरुंग त्यातून वगळले गेले. वगळणे अटळ होते. पण त्यामुळे कचेरीतील सेवक व पहाऱ्यावरील सेवक यांच्या वार्षिक सुट्टीतील अंतर आणखी वाढले.

अमेरिकेतील संयुक्त संस्थानांत या प्रश्नाची वाटचाल निराळ्या दिशेने झाली आणि ती येथे उद्बोधक आहे. तेथील न्याय्य श्रममान कायद्यात १९८५ मध्ये जी दुरुस्ती झाली तिने राज्य व स्थानिक शासनांना जादा कामाबद्दल रोख पैशांऐवजी भरपाईचा वेळ देण्याची मुभा दिली. पण दर जादा तासास दीड तास, आणि तोही हिशेब तासांत ठेवून. सार्वजनिक सुरक्षेच्या कामांसाठी, ज्यांत कारागृहे येतात, हा साठा ४८० तासांपर्यंत वाढू दिला. म्हणजे प्रत्यक्ष ३२० जादा तासांची भरपाई. त्यापुढचा प्रत्येक जादा तास रोख पैशांतच चुकता करावा लागतो. ही व्यवस्था निर्दोष आहे असे नाही. साठा वाढू लागला तर अधिकारी सेवकास त्याच्या मनाविरुद्ध रजेवर पाठवू शकतो, हे २००० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हॅरिस परगण्याच्या खटल्यात मान्य केले. तथापि तिच्यातील एक गोष्ट मोलाची आहे. न दिलेली भरपाई शासनाच्या डोक्यावर कर्ज म्हणून उभी राहते आणि विशिष्ट रेषेपलीकडे ते कर्ज तिजोरीतून फेडावे लागते. जेथे न दिलेली रजा आपोआप नाहीशी होते, तेथे रजा न देणे हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. जेथे तिचे पैशांत रूपांतर होते, तेथे एक नवा शिपाई नेमणे कधी ना कधी स्वस्त वाटू लागते.

संयुक्त राष्ट्रांनी १९५५ मध्ये बंद्यांच्या वागणुकीविषयी जे किमान नियम केले व जे २०१५ मध्ये नेल्सन मंडेला यांच्या नावाने सुधारून घेतले गेले, त्यांत कामाचे कष्टमय स्वरूप ध्यानात घेऊन कारागृह-सेवकांच्या सेवाशर्ती अनुकूल असाव्यात असे म्हटले आहे. बंद्यांच्या वागणुकीविषयीच्या नियमांत सेवकांच्या सेवाशर्तींचा उल्लेख यावा, हे सहेतुक आहे. भारतात १९८० ते १९८३ या काळात न्यायमूर्ती आ. ना. मुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली काम केलेल्या अखिल भारतीय समितीनेही कारागृह-सुधारणेचा विचार करताना सेवक-वर्गाचा प्रश्न बाजूस ठेवला नव्हता.

कारागृह हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत चौथ्या क्रमांकावर आहे. म्हणून याविषयीचे अंतिम उत्तर मुंबईत व नागपुरातच ठरावयाचे. २०२३ मध्ये केंद्र शासनाने आदर्श कारागृह व सुधारसेवा अधिनियमाचा मसुदा राज्यांकडे पाठविला, आणि २०२४ च्या डिसेंबरात महाराष्ट्र विधिमंडळाने त्या धर्तीचे विधेयक संमत केले. १८९४ च्या चौकटीऐवजी नवी चौकट उभी राहताना नियमांचे तपशील नव्याने लिहावे लागतात. त्या वेळी तीन गोष्टींचा निकाल लावणे आवश्यक आहे: पदसंख्या ठरविताना प्रत्येक अहोरात्र जागेस तीनऐवजी सव्वाचार माणसांचा गुणक धरावयाचा किंवा कसे, बदली रजेची वही दिवसांऐवजी तासांत ठेवावयाची किंवा कसे, आणि ठरावीक मुदतीत न दिलेल्या बदली रजेचे पैसे कोणत्या लेखाशीर्षाखाली द्यावयाचे. यांतील पहिली गोष्ट वित्त विभागाच्या संमतीवाचून होणार नाही, तिसरीही नाही. दुसरीला मात्र एका नव्या छापील नमुन्याहून अधिक खर्च येणार नाही, आणि येरवड्यात मुद्रणालय आहेच.